इस्तू, कापूस आणि तलफ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेची संध्याकाळ होती. आमची सौभाग्यवती ओसरीवर बसून वाती वळीत होती आणि मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे निमित्त करून बाजेवर पडलो होतो. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. तो पुण्याला नोकरी करतो, आणि दिवाळीला ईटला आला म्हणजे माझ्या पाया पडल्यावाचून राहत नाही. चहा झाला, पुण्याच्या गप्पा झाल्या, यंदाच्या सोयाबीनची चौकशी झाली. मग जरासा घुटमळत तो म्हणाला, "काकू, थोडा कापूस द्याल का? चिमूटभर पुरे."

कान दुखत असेल अशा समजुतीने तिने मूठभर कापूस दिला आणि वर कोमट तेलाचा उपायही सांगितला. पोराने मान डोलावली आणि तो परसदारी गेला. आता सव्वीस वर्षांचा घोडा परसात काय करतो, ही जिज्ञासा मास्तराला स्वस्थ बसू देत नाही. मीही हळूच मागे गेलो.

तो गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होता. पुढ्यात हातरुमाल अंथरलेला होता. त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढी पोलादी डबी, तिचे उघडलेले टोपण, एक बारीक पेचकस आणि रंगीत बाटली मांडलेली. डबीच्या तळाशी दोन खुंट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये तारेचे इवलेसे वेटोळे आवळून बसविले होते. त्या वेटोळ्यातून तो आमच्या घरातल्या देवाच्या वातीचा कापूस ओवीत होता! दोन्ही बाजूंची टोके कातरून त्याने ती खाली दुमडली. बाटलीतले चार-सहा थेंब कापसावर टाकले, टोपण चढविले, ती डबी एका जाड नळीवर बसविली, कळ दाबली आणि तोंडाला लावली. दुसऱ्या क्षणी गोठ्यात एवढा मोठा पांढरा ढग पसरला की आमची गाय दावे ओढून मागे सरकली.

मला पाहताच पोरगा उभा राहिला. चोरी पकडली गेल्यावर वर्गात जसा उभा राहत असे, अगदी तसाच. म्हणाला, "गुरुजी, धूर नाही हा. नुसती वाफ आहे. सिगारेट सोडण्यासाठी घेतलंय."

रागावणे माझे कर्तव्य होते. पण वाचकहो, खरे सांगायचे तर मला राग आला नाही. मला माझे आजोबा आठवले.

आमचे आबा निजामाच्या राज्यात वाढलेले. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. मी लहान असताना ते दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून बसलेले असत. संध्याकाळी त्यांची हाक येई, "बाळा, चुलीतला इस्तू आण रं!" मी चिमट्यात निखारा धरून, तो पडू न देता, फुंकत फुंकत नेई. त्यांची चंची सुटलेली असे. तळहातावर तंबाखू चोळायची, चिलमीच्या तळाशी खडा बसवायचा, म्हणजे तंबाखू तोंडात ओढली जात नाही. वर तंबाखू दाबायची, फार घट्ट नाही आणि फार सैल नाही. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची. आणि मग मी आणलेला निखारा वर ठेवायचा. दोन्ही मुठींत चिलीम धरून ते असा झुरका घेत की निखारा लालबुंद होऊन त्यांच्या मिशा उजळत. माझ्या निखाऱ्याने आबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला याचा मला केवढा अभिमान वाटे!

गोठ्यातला पोरगा आणि ओसरीवरचे आबा यांच्यामध्ये तीनचार पिढ्यांचे अंतर आहे. पण हातांची चाल तीच होती. तेच निगुतीने भरणे, तेच दाबून पाहणे, पहिल्या झुरक्यानंतरचे तेच डोळे मिटणे. त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या हाताने जुळवायच्या या धुराच्या यंत्रांचे कुळ तरी कोणते, हे शोधावे असे मनाने घेतले. विज्ञान मी मॅट्रिकपुरतेच शिकलो. पण ग्रंथ चाळण्याची खोड आहे. त्या शोधाची ही हकीकत.

धूर ओढण्याची कल्पना आपल्याकडे तंबाखूहून फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात धूमपानाचा विधी सांगितला आहे, आणि तोही निगुतीने जुळविण्याच्या साधनाचाच आहे. प्रियंगू, चंदन, वेलदोडा, वाळा अशी सुगंधी द्रव्ये वाटून त्यांचा लेप सरकाडाच्या काडीवर द्यावयाचा. अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळे लांब अशी वर्ती झाली म्हणजे वाळवून आतली काडी काढून घ्यावयाची. मग त्या पोकळ वर्तीला तूप माखून, धूमनेत्र नावाच्या लांब नळीला लावून, पेटवून धूर घ्यावयाचा. नळीची लांबीसुद्धा हेतूप्रमाणे चोवीस, बत्तीस किंवा छत्तीस अंगुळे अशी ठरवून दिली आहे. तोंडाने घेतलेला धूर नाकाने सोडू नये, डोळ्यांना अपाय होतो, असा इशाराही आहे. हे सारे औषध म्हणून, ठरल्या वेळी आणि ठरल्या मापाने करावयाचे होते. चरकाच्या त्या वर्तीत तंबाखू नव्हती, कारण तंबाखू तेव्हा अमेरिकेबाहेर कोणाला ठाऊकच नव्हती.

तंबाखू इकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांना लागला, पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत तंबाखू विजापूरच्या आदिलशाहीत पोहोचली होती. हे सारे आमच्या दाराशीच घडत होते. आमच्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात मलिक अंबरने १६०० साली, अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर, दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले. तो आमच्या मुलुखाच्या धामधुमीचा काळ.

याच सुमारास अकबराचा वकील असदबेग हा विजापुरास गेला. इब्राहिम आदिलशहाची मुलगी शहाजादा दानियालला द्यावयाची होती, त्या कामासाठी. परतताना त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि ती ओढण्याचे साधन नेले. हा प्रसंग १६०४ च्या सुमाराचा. त्याने स्वतःच तो लिहून ठेवला आहे. तीन हात लांबीची रंगविलेली नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मिन्याचे काम, तोंडाशी येमेनी अकीक, विस्तव ठेवण्यासाठी सोन्याची वाटी, आणि आदिलशहाने दिलेल्या सुंदर बटव्यात भरलेली तंबाखू. हे सारे चांदीच्या तबकात मांडून त्याने बादशहापुढे ठेवले. गोठ्याच्या कट्ट्यावरचा तो हातरुमाल मला या ठिकाणी आठवला, हे मी कबूल करतो.

पुढे जो वाद दरबारात झाला, तो शब्द बदलून आजही आपल्याला ऐकू येतो. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. हकीम घाबरला आणि पुरे म्हणू लागला. याचे गुण आमच्या ग्रंथांत सांगितलेले नाहीत, न पारखलेली वस्तू मी बादशहांना कशी देऊ, असे त्याचे म्हणणे. असदबेग म्हणाला, फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत. त्यांच्यातल्या शहाण्यांनी ती पारखली असलीच पाहिजे. आणि आज रूढ असलेली प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच होती. बादशहाला हा युक्तिवाद पटला. केवळ आपल्या ग्रंथांत नाही म्हणून एखादी वस्तू टाकू नये, असे त्याचे मत पडले. गंमत अशी की वादात असदबेग जिंकला, तरी अकबराने स्वतः तंबाखूची सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र असदबेगाकडे मागणी सुरू केली, व्यापारी माल आणू लागले, आणि थोड्याच दिवसांत तंबाखू सर्वत्र झाली.

दोघांतला कोण बरोबर होता? मला वाटते, दोघेही अर्धे बरोबर होते. नवीन म्हणून टाकू नये हे खरेच. पण नवीन वस्तू पारखण्याला जो काळ लागतो, तो काळ वापरणाऱ्याच्या आयुष्यातून खर्च होतो, हे हकिमाला समजले होते.

त्याच १६०४ साली तिकडे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहीत होता. आपल्याकडे अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ साली तंबाखूला बंदी घातली. इराणचा शहा अब्बासही तिच्या विरुद्धच होता. आणि अशा या शहाकडे जहांगीरने वकील म्हणून कोणाला पाठविले, तर खान आलमला, ज्याला तंबाखूवाचून क्षणभर राहवत नसे! ही हकीकत जहांगीरनेच नोंदविली आहे. बंदीचे पुढे काय झाले ते सांगावयास नकोच. बादशाही बुडाली, तंबाखू राहिली.

आता यंत्राकडे वळू. ती साधी नळी जाऊन धूर पाण्यातून ओढण्याचा हुक्का आला. अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने धूर शुद्ध व्हावा म्हणून तो पाण्यातून नेण्याची युक्ती काढली, असे सांगतात. पण हा हकीम १५८९ सालीच वारला, आणि असदबेगाची तंबाखू अकबरापुढे आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. तेव्हा ती गोष्ट जशीच्या तशी जुळत नाही. तरी एका दृष्टीने ती फार बोलकी आहे. हुक्का हकिमाच्या नावावर चढविला गेला! पाण्यातून गेला की धूर निर्मळ होतो, असा लोकांचा समज होता आणि त्या समजाला वैद्याची सही हवी होती. वास्तविक पाण्यातून येणारा धूर थंड होतो, घशाला बोचत नाही, एवढेच. त्यातले निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यात धुऊन जात नाही. उलट थंड धूर अधिक खोल आणि अधिक वेळ ओढला जातो.

पण त्या समजुतीने कारागिरी मात्र फुलविली. आमच्या मराठवाड्याला लागूनच बिदर आहे. तिथल्या कारागिरांनी जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली भांडी चांदीच्या तारेने आणि पत्र्याने मढविली. बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासह लावून धातू काळाभोर केला, म्हणजे चांदी अंधारात चांदण्यासारखी उठून दिसते. या बिदरी कामातले हुक्क्याचे तळ आज देशोदेशींच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. आधीचे तळ गोल घागरीसारखे, कड्यावर टेकविण्याचे. पुढचे घंटेच्या आकाराचे, आपल्या बुडावर उभे राहणारे. वस्तू इतकी देखणी की तिच्यातून काय ओढले जाई याचा पाहणाऱ्याला विसर पडावा.

बिदरी हुक्का श्रीमंतांचा. गरिबाची ती चिलीम. कुंभाराच्या मातीची, फुटली तर फारशी हळहळ नाही. पारावर ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरे. शिर्डीच्या साईबाबांच्या चिलमी तिथल्या संग्रहालयात भाविक आजही पाहतात. चिलीम तोंडाला लावली की अनोळखी माणूसही आपला होई, असे आबा सांगत. ते खोटे होते असे मला म्हणवत नाही. माणसे नुसत्या तंबाखूसाठी पारावर जमत नसत. ती भरण्यात, निखारा मागण्यात, "घ्या पाटील" म्हणून पुढे करण्यात एक संसार होता.

आबांना खोकला लागला तेव्हा मी सातवीत होतो. पुढच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. आजीने चंची फडताळात कुलपात ठेवली होती. एके संध्याकाळी आजी देवळात गेली असता त्यांनी मला जवळ बोलाविले आणि पूर्वीसारखेच म्हणाले, "बाळा, इस्तू आण रं." कुलपाची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होते. मी चिलीम भरली, छापी ओली केली, निखारा ठेवला. आबांनी ती दोन्ही मुठींत धरली, ओठांना लावली. पण ओढण्यापुरता दम छातीत उरला नव्हता. दोनदा प्रयत्न केला. मग चिलीम माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "इझव." चौथ्या दिवशी ते गेले. त्या निखाऱ्याने ते गेले असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु आयुष्यभर तो निखारा अभिमानाने नेणारा हात माझाच होता, हे मी विसरू शकलेलो नाही.

आणि एवढे पाहूनही मी काय केले? सोळाव्या वर्षी विडी ओढू लागलो! चिलमीला वेळ लागतो, इस्तू लागतो, सोबत लागते. विडीला नुसती काडी पुरते. टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर तंबाखू गुंडाळून दोऱ्याने बांधली की झाले. इथे मात्र यंत्र जुळविण्याचे काम ओढणाऱ्याच्या हातातून निघून दुसऱ्याच्या हातात गेले. हे दुसरे हात बहुतेक बायकांचे. आमच्या जवळच्या सोलापुरात हजारो विणकर कुटुंबांतल्या बायकांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाने तिथे विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती कामगारांच्या स्वाधीन झाली. दहा हजार घरे! माझ्या दोन बोटांत धरलेली विडी कोणाच्या किती तासांची होती, हे मी ओढताना कधी मनात आणले नाही.

माझी विडी सुटली ती एका तिसरीतल्या पोरामुळे. वर्गात मी पाठमोरा होऊन फळ्यावर लिहीत होतो. मागे खसखस पिकली म्हणून वळलो, तर त्या पोराने वहीचा कागद गुंडाळून दोन बोटांत धरला होता आणि डोळे किलकिले करून छताकडे धूर सोडीत होता. विचारले, काय रे हे? तो निरागसपणे म्हणाला, "गुरुजी झालो." त्या गोष्टीला नऊ वर्षे झाली. त्यानंतर मी विडी शिवलो नाही. तलफ मात्र अजूनही अधूनमधून येऊन दार वाजविते.

तंबाखूतल्या या तलफेचे मूळ १८२८ साली हाती लागले. जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॉसेल्ट आणि रायमान या दोघांनी ते द्रव्य वेगळे काढले. पोर्तुगालमधून फ्रान्सच्या दरबारी तंबाखू पाठविणारा वकील झां निको याच्या नावावरून त्याला निकोटिन म्हणतात. विसाव्या शतकात, १९५० साली इंग्लंडच्या डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. लोक घाबरले, तेव्हा कंपन्यांनी पुन्हा जुनीच युक्ती काढली, धूर गाळण्याची. अमेरिकेत १९५२ साली केंट नावाची गाळणीची सिगारेट निघाली आणि तिच्या गाळणीची मोठी वाखाणणी झाली. त्या गाळणीत १९५६ पर्यंत ॲस्बेस्टॉस होते! हा ॲस्बेस्टॉसचा धागा स्वतःच फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतो, हे आज शाळेतली मुलेही सांगतील. धुरापासून वाचविण्यासाठी बसविलेली जाळीच घातक ठरली.

मग पुढची पायरी आली: धूरच नको. अमेरिकेतल्या हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ साली बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ साली ते त्याला मिळाले. पण ती वस्तू बाजारात रुजली नाही. चीनमधला औषधशास्त्रज्ञ होन लिक हा स्वतः सिगारेट ओढणारा. त्याचे वडीलही ओढीत आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याने २००३ साली विजेची सिगारेट सिद्ध केली. तीच दोनचार वर्षांत युरोप-अमेरिकेत पोहोचली.

ती तयार नळी मात्र हौशी लोकांना पुरेना. त्यांनी तिचे पोट उघडले, तार स्वतः गुंडाळली, कापूस स्वतः भरला. कोणी विजेरीच्या नळकांड्यात बॅटरी बसविली. यातूनच, विडीच्या वेळी जे काम हातातून गेले होते ते पुन्हा ओढणाऱ्याच्या हातात आले. माझ्या विद्यार्थ्याच्या डबीला रिबिल्डेबल ड्रिपिंग ॲटोमायझर म्हणतात. म्हणजे, पुन्हा पुन्हा जुळवावे आणि वरून थेंब टाकावे असे तुषारयंत्र. तिची तार बहुधा कँथल नावाच्या मिश्रधातूची असते. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा धातू स्वीडनमध्ये विजेच्या भट्ट्यांसाठी निघाला. कापूस थेंब शोषून तारेपाशी नेतो. पणतीची वात तेल वर ओढते त्याच न्यायाने. तार तापली की द्रवाचे बारीक तुषार होतात आणि तेच ढग होऊन बाहेर येतात.

आणि इथे दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम उभा राहतो. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट. तारेचा विरोध अर्धा ओहम असेल, तर प्रवाह ८.४ अँपिअर, आणि शक्ती सुमारे ३५ वॉट. घरातला ९ वॉटचा दिवा घ्या. तसल्या चार दिव्यांची शक्ती त्या बोटभर डबीत! तार चुकीची आवळली, विरोध फार कमी झाला, तर बॅटरी भडकण्याचा धोका. कापूस कोरडा राहिला, तर तो करपतो आणि घशात करपट वाफ जाते. त्या दिवशी पोराला काकूंचा कापूस लागला, तो आधीचा करपला होता म्हणून.

विद्यार्थ्याचे "नुसती वाफ" हे म्हणणे मात्र बरोबर नाही. पाण्याची वाफ निराळी. या ढगात ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचे तुषार असतात, सुगंधी द्रव्ये असतात आणि बहुधा निकोटिनही असते. पण त्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तंबाखू जळत नाही, म्हणून जळण्यातून होणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड इथे फारसे नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली असे मत दिले की सिगारेटीच्या मानाने याची हानी पुष्कळच कमी असावी, आणि ज्याला सिगारेट सुटत नाही त्याने याचा आधार घ्यावा. उलट अमेरिकेत २०१९ साली अशी साधने वापरणाऱ्यांत फुप्फुसाच्या दुखण्याची साथच उठली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसे दगावली. मुख्य दोष निघाला तो गांजाच्या अर्कात भेसळ केलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटचा. आपल्या सरकारने तरुण पोरे नव्याने या नादी लागतील या भीतीने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. त्याअन्वये अशा साधनांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात हा गुन्हा आहे. साठ्याखेरीज बाकीच्या गुन्ह्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एका बाजूला असदबेग, दुसऱ्या बाजूला हकीम आणि जहांगीर. चारशे वर्षांनी दरबार पुन्हा भरला आहे.

या साऱ्या शोधातून माझ्या हाती एकच गोष्ट लागली. नळी लांब केली, पाणी घातले, छापी ओली केली, गाळणी लाविली, शेवटी आग काढून टाकली. दर पिढीला वाटले की आता विष गाळले गेले. काही गाळले गेलेही असेल, थोडे किंवा पुष्कळ. पण ज्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा त्या यंत्राकडे वळतो, ते निकोटिन कोणीच गाळले नाही. गाळले असते तर ते यंत्र विकत कोणी घेतले असते?

हे सर्व मला त्या वसुबारसेला अर्थातच ठाऊक नव्हते. त्या वेळी मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसलो आणि विचारले, "आधी सिगारेटी किती ओढत होतास?"

"दिवसाला आठ, गुरुजी. कधी दहा."

"आणि आता हे किती?"

तो गप्प झाला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "ते मोजता येत नाही. थेंब टाकायचे, ओढायचं, पुन्हा थेंब टाकायचे. काम करताना हातातच असतं."

मला माझी विडी आठवली. विडी संपते. बोटाला चटका बसला की ती टाकावीच लागते. कट्टा रिकामा झाला की दुकानापर्यंत चालत जावे लागते. आबांच्या चिलमीला तर नातू यावा लागे. या पोराच्या यंत्राला शेवट म्हणून नव्हता. मी एवढेच म्हणालो, "सिगारेट सुटली हे चांगले झाले, त्याबद्दल शाबास. पण आता थेंब मोज. वहीत लिही. जे मोजता येते तेच कमी करता येते."

त्याने यंत्र माझ्यापुढे धरले. "बघता का गुरुजी एकदा? वास आंब्याचा आहे." वाचकहो, नऊ वर्षांनंतरही माझा हात पुढे गेला. तो अर्ध्या वाटेत होता, इतक्यात सौभाग्यवती परसदारी आली, तिने ढग पाहिला, रुमालावरचा कापूस पाहिला आणि सारे ओळखले. "अगंबाई! आणि मी कान दुखतोय म्हणून तेल तापत ठेवलंय की!" ती म्हणाली. "देवाच्या वातीचा कापूस आहे तो. उरलाय तो आण इकडे."

पोराने मुकाट्याने उरलेला कापूस परत केला. माझा हात मीही मागे घेतला. तिने त्याच कापसाची वात वळली आणि गोठ्यातल्या पणतीत घातली. गाईची पूजा झाली. आम्ही दोघे ओसरीवर येऊन बसलो.

पुण्याला गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. पहिल्या दिवशी थेंब मोजले, म्हणाला, एकशे चाळीस भरले. आकडा पाहून स्वतःचीच भीती वाटली. पाडव्याच्या सुमाराला तो साठावर आला होता. मध्ये एकदा पुन्हा वाढला, तेही त्याने लपविले नाही. या दिवाळीला तो येईल तेव्हा काय सांगेल ते पाहायचे. काकूंनी त्याच्यासाठी कुंथलगिरीचे पेढे आणून ठेवायचे ठरविले आहे, आणि कापूस या खेपेला फडताळात, आबांच्या रिकाम्या चंचीशेजारी, कुलपात राहणार आहे.